इंग्लंडमध्ये अस्थींसाठी जागा घेताना

इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकेच्या, दफनभूमीत अ‍ॅशेससाठी, म्हणजे दहनानंतरच्या रक्षेसाठी, जागा ‘विकत घेतली’ असे आपण सहज बोलून जातो. पण पावतीबरोबर हातात पडणारा कागद नीट वाचला तर जमिनीच्या मालकीचा उल्लेख त्यात कुठेही सापडत नाही. जमीन कौन्सिलचीच राहते. आपल्याला मिळतो तो त्या विशिष्ट तुकड्यात कोणाला ठेवायचे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अनन्य हक्क, तोही ठरावीक वर्षांपुरता आणि ठरावीक माणसाच्या नावावर. जागा पाहायला गेलेली बहुतेक कुटुंबे झाड, बाक, ऊन आणि पायवाट पाहून निर्णय घेतात. या गोष्टी गौण आहेत असे मी म्हणणार नाही आणि त्यांच्याकडे पुढे वळणारच आहे. परंतु काका आणि काकू यांच्यासाठी लागोपाठ दोन वर्षे ही सगळी धावपळ केल्यावर माझे मत असे झाले आहे की, हक्काची मुदत किती, कागदावर नाव कोणाचे आणि पुढेमागे अस्थी परत काढाव्या वाटल्या तर त्या काढता येतील का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दफनभूमीचा नकाशा उलगडूच नये.

पुढे जे लिहिले आहे ते इंग्लंड आणि वेल्सला लागू आहे. स्कॉटलंडचा दफन आणि दहन कायदा २०१६ चा असून स्वतंत्र आहे, आणि तिथल्या कुटुंबांनी त्यानुसारच चौकशी करावी.

जागा हवीच का, हे आधी ठरवा

आपल्याकडे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. अस्थी सावडल्या, नाशिकला रामकुंडावर किंवा जवळच्या नदीवर नेल्या, विसर्जन झाले. मागे थडगे उरत नाही आणि ते उरावे अशी अपेक्षाही नसते. परदेशात वाढलेल्या मुलांचे मात्र तसे नाही. शाळेतल्या मित्राची आजी कुठे विसावली आहे हे त्यांनी पाहिलेले असते, आणि आपल्या आजीसाठी फुले घेऊन कुठे जायचे, असा त्यांचा साधा प्रश्न असतो. आमच्या घरात काकूंची इच्छा गोदावरीची होती आणि नातवंडांची इच्छा बसने जाता येईल अशा ठिकाणाची. यांपैकी एकच निवडावी लागते असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नाही. अ‍ॅशेसची वाटणी करायला इथला कायदा आडकाठी करत नाही, आणि क्रेमेटोरियमला, म्हणजे दहनगृहाला, किंवा अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या फ्युनरल डायरेक्टरला आधी सांगितले तर ते दोन वेगळ्या डब्यांत भरूनही देतात. प्रौढ माणसाची रक्षा साधारण दोन ते तीन किलो वजनाची आणि तीनेक लिटर मापाची भरते. इथे ती यंत्राने बारीक केलेली असते, त्यामुळे सावडण्यासारखे त्यात काही नसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. कलश उघडल्यावर बसणारा धक्का त्यामुळे थोडा कमी होतो.

नदीच हवी असेल तर तीही इथे आहे. वाहत्या नदीत रक्षाविसर्जन करायला इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचा परवाना लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या उपशापासून वरच्या बाजूला किमान एक किलोमीटर अंतर ठेवावे, मासे धरणाऱ्यांपासून आणि पोहणाऱ्यांपासून दूर राहावे, वाऱ्याच्या दिवशी करू नये आणि रक्षेबरोबर प्लास्टिक, कापड किंवा इतर वस्तू पाण्यात सोडू नयेत, एवढी पथ्ये मात्र पाळावी लागतात. लेस्टरजवळ सोअर नदीवर हिंदू आणि शीख कुटुंबे यासाठी नेहमी जातात.

शिवाय स्मारक आणि अस्थी एकाच जागी असल्या पाहिजेत असेही नाही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासाहून परतताना फ्लोरेन्समध्ये वारले. त्यांचे दहन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर झाले, आणि रक्षा नदीला मिळाली. त्या जागी आज छत्री आणि अर्धपुतळा उभा आहे. आपल्या ऐपतीला साजेसा त्याचा अवतार म्हणजे बागेतला नावाचा बाक किंवा भिंतीवरची पितळी पाटी, आणि बहुतेक दफनभूमींमध्ये अस्थी न ठेवताही तो घेता येतो.

ठरवायची घाई करू नका, हेही इथेच सांगते. अ‍ॅशेस अमुक दिवसांत ठेवल्याच पाहिजेत असा कोणताही कायदा नाही. क्रेमेटोरियम काही आठवडे सांभाळते, फ्युनरल डायरेक्टर बहुधा त्याहून जास्त. अस्थी घरात आणायच्या नाहीत, बाहेर झाडाला बांधायच्या, ही आपली रीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाळता येत नाही, म्हणून डायरेक्टरकडेच ठेवण्याची विनंती मी केली होती, आणि कारण न विचारता त्यांनी ती मान्य केली. इथे दहनच मृत्यूनंतर आठ-पंधरा दिवसांनी होत असल्याने दहावा-तेरावा त्याच्याशी जुळत नाही. जागेची निवड तिथीच्या दडपणाखाली करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र दहनाच्या आधीच ठरते. ‘क्रेमेशन १’ या अर्जावर जो सही करतो तो अर्जदार, आणि अ‍ॅशेस त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्याच हाती दिल्या जातात. त्या अर्जात अ‍ॅशेसचे काय करायचे याचा रकानाही असतो, आणि धावपळीत डायरेक्टर सांगेल तिथे खूण करून बरेचजण मोकळे होतात. तसे करू नये. ‘बागेत विखुरणे’ या पर्यायावर खूण झाली आणि तसे घडून गेले, तर त्यानंतर कोणाच्याही हाती काही राहत नाही.

कोनाडा की माती

श्यामजी कृष्ण वर्मांचे नाव आपल्याला लंडनच्या इंडिया हाऊसमुळे आणि तिथे राहिलेल्या सावरकरांमुळे माहीत आहे. १९३० मध्ये ते जिनिव्हात वारले. आपल्या आणि पत्नी भानुमती यांच्या अस्थी तिथल्या सेंट जॉर्ज दफनभूमीत शंभर वर्षे सांभाळाव्यात आणि देश स्वतंत्र झाल्यावर भारतात पाठवाव्यात, यासाठी त्यांनी आगाऊ पैसे भरून ठेवले होते. २००३ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे त्र्याहत्तर वर्षांनी, ते कलश भारतात आले. जागा घेणाऱ्याने अभ्यासावे असे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही, कारण मुदत, पैसे आणि परत काढण्याची सोय या तिन्ही गोष्टी त्या माणसाने हयातीतच मिटवल्या होत्या.

इथे मिळणारे पर्याय याच दृष्टीने तपासावेत. पहिला पर्याय भिंतीतल्या कोनाड्याचा. त्याला कोलंबेरियम म्हणतात. दगडी किंवा विटांच्या भिंतीत चौकोनी खण असतात, एका खणात एक किंवा दोन कलश मावतात आणि तोंडावर नावाची फरशी बसते. दुसरा, जमिनीच्या पातळीवर काँक्रीटची लहान पेटी आणि वर दगडी झाकण. तिसरा, हिरवळीत सुमारे दोन फूट लांब आणि तितकाच रुंद तुकडा, ज्यात लाकडी डबा पुरतात. याला सगळे जण ‘अ‍ॅशेस प्लॉट’ म्हणतात. चौथा, घरातल्या कोणाची पूर्ण कबर आधीच असेल तर तिच्यात अ‍ॅशेस ठेवणे. ख्रिस्ती मराठी कुटुंबांत हा प्रकार सर्रास दिसतो आणि नवी जागा घेण्यापेक्षा तो स्वस्तही पडतो. पाचवा, गुलाबाच्या झुडपापाशी किंवा स्मृतिबागेत डबा न वापरता मातीत मोकळी रक्षा घालणे. शेवटचा प्रकार दिसायला सर्वांत सुंदर आणि परत फिरण्याच्या दृष्टीने सर्वांत बंद: मातीत मिसळलेली रक्षा पुन्हा मिळत नाही, आणि झुडपाचा करार बऱ्याच ठिकाणी पाच किंवा दहा वर्षांचाच असतो.

जमिनीत डबा पुरला तर तो पुढे काढता येईल, असे पुष्कळांना वाटते. तत्त्वतः येतो, पण आपल्या मर्जीने नव्हे. १८५७ च्या दफन कायद्याच्या २५ व्या कलमानुसार पुरलेले अवशेष परवान्याशिवाय हलवता येत नाहीत, आणि पुरलेल्या अ‍ॅशेसही त्यात मोडतात. जागा साध्या भागात असेल तर न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. चर्चच्या विधीने पवित्र केलेल्या, म्हणजे इथल्या भाषेत ‘कॉन्सिक्रेटेड’ भागात असेल, तर चर्च ऑफ इंग्लंडच्या न्यायालयाची परवानगी लागते. त्याला ‘फॅकल्टी’ म्हणतात. ब्लॅगडन दफनभूमीसंबंधीच्या २००२ च्या निकालापासून या न्यायालयांची भूमिका स्पष्ट आहे: दफन हे कायमचे मानले जाते, आणि त्याला अपवाद करायचा तर परिस्थितीही तशीच अपवादात्मक दाखवावी लागते. ‘आम्ही आता पुण्याला परत चाललो आहोत, आईला इथे एकटी कशी ठेवायची,’ हे कारण आपल्या काळजाला भिडते. न्यायालयाला ते पुरेसे वाटेलच असे नाही.

म्हणून कौन्सिलच्या दफनभूमीत जागा दाखवली की पहिला प्रश्न विचारावा तो हा की, हा भाग कॉन्सिक्रेटेड आहे का. नुसते पाहून ते कळत नाही. मधून पायवाट जाते, अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा. कार्यालयातल्या नकाशावर मात्र ते दाखवलेले असते. पुढेमागे अस्थी भारतात नेण्याची अगदी पुसट शक्यता जरी असली, तरी माझा सल्ला कोनाड्याचा किंवा साध्या भागातल्या झाकणाच्या पेटीचा. कोनाड्यातला कलश मातीत पुरलेला नसल्याने तो परत मिळणे सहसा करारातल्या अटींवर अवलंबून असते. त्या अटी सही करण्याआधी लेखी मागाव्यात. दुसरा शहाणा मार्ग म्हणजे भारतात न्यायचा वाटा आधीच बाजूला काढणे. विमानात नेताना डबा लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा असावा, कारण क्ष-किरणांत धातूच्या कलशाच्या आतले दिसत नाही आणि तपासणीच्या रांगेत तो उघडायला लावण्याचा प्रसंग कोणावर येऊ नये; सोबत मृत्यूचा आणि दहनाचा दाखला ठेवावा, आणि भारतीय उच्चायुक्तालयाची प्रक्रिया तिकीट काढण्याआधी पाहून घ्यावी.

मुदत

कौन्सिलच्या दफनभूमींना १९७७ चा आदेश लागू आहे, आणि त्यानुसार दफनाचा अनन्य हक्क एका वेळी जास्तीत जास्त शंभर वर्षांचा देता येतो. ही कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात पन्नास, पंचाहत्तर, कुठे तीस, आणि अ‍ॅशेसच्या जागांना तर त्याहूनही कमी मुदत आढळते. मुदतवाढ मिळते, पण तेव्हाच्या दराने.

इथे एक मेख आहे, आणि ती हयातीतच जागा घेऊन ठेवणाऱ्या शिस्तशीर माणसांना लागते. मुदत हक्क दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते, अस्थी ठेवल्यापासून नव्हे. चाळिसाव्या वर्षी पन्नास वर्षांची जागा घेतली आणि नव्वदी पाहिली, तर आपण जाण्याच्या सुमारास हक्कही संपतो. शिवाय जागांची टंचाई इतकी आहे की बऱ्याच कौन्सिलांनी आगाऊ विक्री बंदच केली आहे. जिथे ती चालू आहे तिथेही वय, मुदत आणि मुदतवाढीची अट एकत्र मांडून हिशेब करावा. मी स्वतः साठीच्या आत हयातीतली जागा घेणार नाही.

मुदत संपल्यावर काय होते? अस्थी लगेच उकरून काढतात असे नाही, ही भीती काढून टाकावी. पण त्या जागेवरचा आपला निर्णयाधिकार संपतो, दगड काढण्याची नोटीस येऊ शकते आणि कोनाडा असेल तर तो रिकामा करून कलश परत नेण्यास सांगितले जाते किंवा रक्षा बागेत विखुरली जाते. लंडनमध्ये २००७ च्या एका कायद्याने शेवटच्या दफनाला पंचाहत्तर वर्षे उलटलेल्या कबरी सूचना देऊन पुन्हा वापरण्याची मुभा आहे, आणि १८५६ मध्ये सुरू झालेल्या सिटी ऑफ लंडन दफनभूमीत असा पुनर्वापर प्रत्यक्ष होतो. तिथे जुन्या दगडाची मागची बाजू नव्या नावासाठी वापरतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. एकाच पिंपळाला किती घरांचे घट बांधले जातात, हे पाहत आपण वाढलो आहोत.

नाव

आमची चूक इथे झाली. काकू गेल्या तेव्हा अ‍ॅशेस प्लॉटची डीड, म्हणजे त्या हक्काचा कागद, काकांच्या एकट्याच्या नावाने झाली. खर्च त्यांनीच केला होता, दुसरे नाव सुचवणे कोणाला प्रशस्त वाटले नाही, आणि खिडकीमागच्या बाईंनीही विचारले नाही. चौदा महिन्यांनी काका गेले. डीडधारकाला स्वतःच्या जागेत जाण्याचा अधिकार असतोच, त्यामुळे त्यांच्या अस्थी काकूंशेजारी विनासायास ठेवता आल्या. अडले ते दगडावर. काकूंच्या नावाखाली काकांचे नाव कोरायचे तर डीडधारकाची सही हवी, आणि ज्यांची सही हवी ते त्याच दगडाखाली.

मग जे झाले ते क्रमाने सांगते, कारण प्रत्येक घरात ते होऊ शकते. काकांचे मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राची न्यायालयीन मान्यता, दाखवून हक्क वारसाकडे वर्ग करण्याचा सोपा मार्ग बंद होता. दफनभूमीच्या कार्यालयाने वैधानिक घोषणापत्र मागितले, म्हणजे वारस कोण कोण आहेत आणि हक्क कोणाच्या नावे व्हावा हे सॉलिसिटरपुढे शपथेवर लिहून देणे. वारस दोन: दादा मेलबर्नला, ताई कोथरूडला. मी पुतणी, म्हणजे सगळे कागद नेणारी-आणणारी आणि कशावरही सही करण्याचा अधिकार नसलेली. ताईंची सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळत नाही म्हणून एक कागद परत आला, दादांच्या कागदावर तारखेचा महिना आणि दिवस उलटसुलट वाचला गेला म्हणून दुसरा. आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत दगडावर एकच नाव होते, आणि त्याखाली मोकळी जागा.

तेव्हा डीड करताना दोन नावे घालावीत, आणि त्यातले एक पुढच्या पिढीतले, शक्यतो इथेच राहणारे असावे. मात्र दोन धारक असले की कुठल्याही कामाला सहसा दोघांच्या सह्या लागतात, हे लक्षात ठेवून एकमेकांशी बोलणारी दोन माणसेच निवडावीत. भावंडांत आधीच धुसफुस असेल तर दफनभूमीच्या कागदावर ती मिटत नाही, वाढते. मृत्युपत्र करत असाल तर त्यात डीडचा उल्लेख, तिचा क्रमांक आणि ती कोणाकडे जावी हे एका ओळीत लिहावे.

त्या जागेत किती कलश मावतात हेही नावाइतकेच महत्त्वाचे. दोन, क्वचित चार. कोनाड्यात डब्याच्या मापावर ठरते. आम्ही काकूंसाठी नक्षीचा सागवानी डबा आणला होता आणि तो जर आणखी दोन इंचांनी रुंद असता तर काकांसाठी जागा उरली नसती. कार्यालयाकडून आतली मापे लेखी घ्यावीत, मग डबा घ्यावा.

पैसे

दर प्रत्येक कौन्सिलच्या संकेतस्थळावर असतात आणि दर एप्रिलला बदलतात. पाहताना चार वेगळे आकार वेगळे वाचावेत: हक्काचा, प्रत्यक्ष अस्थी ठेवण्याचा, स्मारकाच्या परवान्याचा आणि डीड हस्तांतराचा. ‘प्लॉटची किंमत’ म्हणून सांगितला जातो तो आकडा पहिल्याचाच असतो.

हद्दीबाहेरच्या माणसाला दर दुप्पट, तिप्पट, कुठे त्याहूनही जास्त लागतो. इथे ज्येष्ठांच्या बाबतीत एक अन्याय घडतो. आयुष्यभर एका हद्दीत कर भरलेला माणूस शेवटचे वर्ष दुसऱ्या हद्दीतल्या केअर होममध्ये काढतो आणि मरताना ‘बाहेरचा’ ठरतो. पुष्कळ कौन्सिलांच्या नियमांत यासाठी सवलत असते, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत. ती आपणहून कोणी सांगत नाही, मागावी लागते, आणि जुन्या पत्त्याची कौन्सिल टॅक्सची बिले पुरावा म्हणून लागतात. आईवडिलांना केअर होममध्ये हलवताना ती बिले टाकून देऊ नका.

प्रत्यक्ष पाहणी

नोव्हेंबरमध्ये जा, पावसाच्या दुसऱ्या दिवशी. मे महिन्यात इथली प्रत्येक दफनभूमी सुंदर असते. लंडनच्या आसपासची चिकणमाती पाणी धरून ठेवते, आणि उताराच्या तळाशी असलेल्या ओळींत बूट कसा रुतून बसतो हे त्या दिवशीच कळते. फाटकापासून जागेपर्यंत मोजून चालत जावे, आणि गुडघे दुखणारी मावशी दहा वर्षांनी हेच अंतर चालू शकेल का, याचा विचार करावा. पाण्याचा नळ किती दूर आहे, बस कुठे थांबते, हिवाळ्यात फाटक किती वाजता बंद होते हेही पाहावे. डिसेंबरात चार वाजता कुलूप लागत असेल तर कामावरून सुटून वर्षश्राद्धाच्या तिथीला येणे जमत नाही.

झाडाखालची जागा सगळ्यांना हवी असते. मीही तीच मागितली होती. पण लिंबाशी काहीही नाते नसलेले, इथे ‘लाइम’ म्हणून ओळखले जाणारे जे उंच झाड दफनभूमीच्या रस्त्यांच्या कडेने लावतात, त्याच्या पानांवरून उन्हाळाभर मावा किड्यांचा चिकट रस गळतो आणि दगड काळवंडतो. मोठ्या झाडाची मुळे दगड कलंडवतात, ते वेगळेच. पायवाटेच्या अगदी कडेची जागा सोयीची वाटते, परंतु गवत कापणारे यंत्र आणि कामगारांची गाडी तिथूनच वळते. ओळीतली दुसरी किंवा तिसरी जागा, झाडापासून सात-आठ पावलांवर, हे मला योग्य वाटते.

आणि नियमांचा कागद तिथेच उभे राहून वाचावा. हिरवळीच्या भागांत सहसा कठडा, कुंडी, काच, चिनी माती काहीच चालत नाही, कारण यंत्र सरळ फिरले पाहिजे. उघडी ज्योत बऱ्याच ठिकाणी मना आहे; समई सोडा, पणतीसुद्धा. नारळ, तांदूळ, कुंकू यांचा नियमात उल्लेख नसतो म्हणून ते चालते असे समजू नये, विचारून घ्यावे. कुंकवाचा डाग फिकट दगडात मुरतो तो निघत नाही, हे मी शेजारच्या ओळीत पाहिले आहे. समाजासाठी राखून ठेवलेला भाग असेल तर अशा गोष्टी जास्त मोकळेपणाने करता येतात. लंडनजवळ ब्रुकवुडला १८५४ मध्ये सुरू झालेल्या विस्तीर्ण दफनभूमीत पारशांचा स्वतंत्र भाग आहे आणि जमशेटजी टाटा तिथेच विसावले आहेत. मराठी माणसांसाठी राखीव भाग मी कुठे पाहिलेला नाही. हिंदूंसाठीचे भाग काही कौन्सिलांत आहेत, आणि त्यांची चौकशी जरूर करावी.

दगड आणि देवनागरी

दगड बसवण्याचा हक्क हा दफनाच्या हक्कापासून वेगळा असतो, त्याची मुदतही वेगळी आणि बरेचदा कमी असते. दगड बसवणारा कारागीर कार्यालयाच्या यादीतला, म्हणजे मान्यताप्राप्त नोंदवहीत नाव असलेला असावा लागतो, कारण दगड पडून अपघात होऊ नये म्हणून ठरावीक काळाने ते हलवून तपासले जातात. उंची, रंग आणि चकाकी यांनाही मर्यादा असतात. काळा चकचकीत ग्रॅनाइट मागितला आणि चर्चच्या आवारात तो नाकारला गेला, असे वारंवार होते.

मजकूर देवनागरीत असेल तर कार्यालय इंग्रजी भाषांतर मागते, ते द्यावे. खरी काळजी पुढे घ्यायची असते. आमच्याकडे कारागिराने कोरण्याआधी जो नमुना पाठवला, त्यात ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ या शब्दाची शकले झाली होती: ‘स’चा पाय मोडून ‘म’ सुटा उभा, ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या आधी येण्याऐवजी नंतर, आणि शेवटचा रफार उतरून ‘र’ हलन्तासह ‘थ’च्या शेजारी. दोष कारागिराचा नव्हता. त्याच्या संगणकातल्या आज्ञावलीला जोडाक्षरे जोडता येत नव्हती, आणि ज्याला लिपी वाचता येत नाही त्याच्या दृष्टीने ते अक्षरांचे एक सुबक चित्रच होते. मजकूर टंकित करून ईमेलने पाठवू नये. अक्षरे चित्ररूपात, बाह्यरेषांसह, पीडीएफमध्ये पाठवावीत, म्हणजे त्याच्या यंत्रात ती फुटत नाहीत. नमुना कागदावर खऱ्या मापात छापून घ्यावा आणि घरातल्या शुद्धलेखनाच्या बाबतीत सर्वांत किचकट माणसाला दाखवावा. दर अक्षराला पैसे असतील तर मोजणी कशी होणार, काना-मात्रा वेगळे धरणार का, हेही आधीच ठरवावे. आमच्या कारागिराने ‘प्रीत्यर्थ’ तीन अक्षरांचा की सातांचा यावर बराच विचार करून शेवटी ओळीचा दर लावला. पुढच्या नावासाठी जागा राखूनच ओळी बसवाव्यात, आणि अक्षरवळणाची ती फाइल जपून ठेवावी, नाहीतर दुसरे नाव वेगळ्या वळणात येते.

अस्थी ठेवायच्या दिवशी दहनाचा मूळ दाखला बरोबर न्यावा. तो नसेल तर कार्यालय डबा स्वीकारत नाही. डीडची एक प्रत मृत्युपत्रासोबत आणि एक दुसऱ्या धारकाकडे ठेवावी. आणि घर बदलले की बँक, डॉक्टर आणि कौन्सिल टॅक्स यांच्याबरोबर दफनभूमीच्या कार्यालयालाही नवा पत्ता कळवावा, कारण मुदतवाढीचे पत्र ते त्यांच्या नोंदवहीतल्या पत्त्यावरच पाठवतात, मग तिथे कोणीही राहत असो.